खाण कंपनीत इंजिनिअर ट्रेनी : आधी कागद, मग गेट

बेळगाव, खानापूर, निपाणी, चिकोडी भागातल्या बी.ई. झालेल्या किंवा शेवटच्या वर्षात असलेल्या विद्यार्थ्यांसाठी आणि त्यांच्या पालकांसाठी

कोल इंडिया, एनएमडीसी, एनएलसी इंडिया, मॉईल या केंद्र सरकारच्या अखत्यारीतल्या खाण कंपन्या. कोळसा, लोहखनिज, लिग्नाईट आणि मँगनीज ही त्यांची अनुक्रमे मुख्य खनिजे. आपल्याला सर्वांत जवळची म्हणजे एनएमडीसीची दोणिमलई खाण; ती बळ्ळारी जिल्ह्यात संडूर तालुक्यात आहे. या कंपन्यांत पदवीधर इंजिनिअर आधी ट्रेनी म्हणून लागतो आणि प्रशिक्षण संपल्यावर अधिकारी होतो. कोल इंडियाच्या अलीकडच्या जाहिरातींत प्रशिक्षणाच्या वर्षात ई-२ श्रेणी, म्हणजे ५०,००० ते १,६०,००० ही वेतनश्रेणी होती, आणि त्यानंतर ई-३, म्हणजे ६०,००० ते १,८०,०००. महागाई भत्ता वेगळा.

ट्रेनी आणि अप्रेंटिस यांत गल्लत नको

हा घोळ आमच्याकडे अर्ज भरायला येणाऱ्या बऱ्याच जणांचा असतो. अप्रेंटिस म्हणजे १९६१ च्या अप्रेंटिस कायद्याखालचे साधारण वर्षभराचे शिक्षण. त्यात स्टायपेंड मिळतो, पण ती नोकरी नव्हे आणि पुढे कायम करण्याचे बंधन कंपनीवर नसते. जाहिरातीत ‘ग्रॅज्युएट अप्रेंटिस’ लिहिले असेल तर हे लक्षात ठेवूनच अर्ज करा. कर्नाटकातल्या अप्रेंटिसशिपचा कारभार चेन्नईच्या अप्रेंटिस मंडळाकडे आहे, महाराष्ट्राचा मुंबईच्या. त्यामुळे नागपूरच्या कंपनीत अप्रेंटिसशिप हवी असेल तर त्या जाहिरातीत कोणत्या राज्यांतले उमेदवार चालतात ते आधी पाहा.

कोणता पेपर द्यायचा

कोल इंडियाने २०१९-२० मध्ये स्वतःची संगणकावरची परीक्षा घेतली आणि नंतरच्या इंजिनिअरांच्या भरत्या गेटच्या (इंजिनिअरिंग पदवीधरांच्या देशपातळीवरच्या परीक्षेच्या) गुणांवर केल्या. मॉईलने ग्रॅज्युएट ट्रेनींसाठी स्वतःची परीक्षा घेतलेली आहे. म्हणजे पद्धत बदलते. तरी गेट दिलेली असली की बहुतेक दारे उघडी राहतात. अर्ज साधारण ऑगस्ट-सप्टेंबरमध्ये, परीक्षा फेब्रुवारीत, निकाल मार्चमध्ये.

पेपर मात्र आपल्या पदवीचाच घ्या. कंपनी खाणीची आहे म्हणून मेकॅनिकलचा विद्यार्थी मायनिंगचा पेपर देतो आणि वर्ष वाया घालवतो. मायनिंगच्या जागेला पदवीही मायनिंगचीच मागतात. मेकॅनिकलला मेकॅनिकल, इलेक्ट्रिकलला इलेक्ट्रिकल. इंडस्ट्रियल अँड प्रॉडक्शन किंवा मेकॅट्रॉनिक्सवाल्यांनी मागच्या दोन-तीन जाहिरातींत आपल्या पदवीचे नाव शब्दशः आहे का ते पाहावे. ‘समकक्ष’ या शब्दाच्या भरवशावर राहू नका.

आणखी एक: गेटचा निकाल चांगला लागला म्हणजे कंपनी आपणहून बोलावते असे नाही. कंपनीच्या संकेतस्थळावर वेगळा अर्ज करावा लागतो, त्यात गेटचा नोंदणी क्रमांक अचूक भरावा लागतो आणि बहुतेक वेळा जाहिरातीत सांगितलेल्या वर्षाचाच निकाल चालतो.

कागदपत्रे : खरी गळती इथेच होते

*टक्केवारी.* कोल इंडियाने पदवीला ६० टक्के मागितले आहेत, अनुसूचित जाती-जमाती आणि दिव्यांगांना ५५. व्हीटीयूच्या (विश्वेश्वरय्या तांत्रिक विद्यापीठाच्या) २०१५ च्या सीबीसीएस स्कीममध्ये (श्रेयांकांवर आधारलेल्या अभ्यासक्रमात) सीजीपीएतून (एकूण सरासरी ग्रेड गुणांतून) ०.७५ वजा करून १० ने गुणायचे असते. ६.५ सीजीपीएचा मुलगा सरळ १० ने गुणून ६५ टक्के भरतो. या सूत्राने ते ५७.५ होतात आणि खुल्या गटात तो अपात्र ठरतो. प्रत्येक स्कीमचे सूत्र तपासायचे, शिवाजी विद्यापीठाचे वेगळे. म्हणून विद्यापीठाचे किंवा कॉलेजचे रूपांतराचे पत्र आताच काढून ठेवा. व्हीटीयूचे मुख्यालय आपल्या बेळगावातच असल्याने ही सोय तरी आहे.

*जात आणि उत्पन्न.* नाडकचेरीतून (कर्नाटकाच्या स्थानिक महसूल कार्यालयातून) मिळालेला २अ, ३अ, ३ब (राज्याचे मागासवर्गीय गट) असा दाखला राज्याच्या भरतीसाठी आहे. केंद्राच्या कंपनीला केंद्राच्या नमुन्यातला ओबीसी नॉन-क्रिमिलेयर दाखला लागतो, आणि तो तुमची जात कर्नाटकासाठीच्या केंद्रीय यादीत असेल तरच मिळतो. जात राज्याच्या यादीत आहे पण केंद्राच्या यादीत नाही, अशा उमेदवाराला केंद्राच्या भरतीत ओबीसी लिहिता येत नाही. मात्र अटी बसत असतील तर ईडब्ल्यूएस (आर्थिकदृष्ट्या दुर्बल घटकाचे आरक्षण) मागता येते. दोन्हीकडे मर्यादा ८ लाखांचीच आहे, पण हिशेब वेगळा. ओबीसीच्या क्रिमिलेयर तपासणीत आईवडिलांचा पगार आणि शेतीचे उत्पन्न धरत नाहीत. ईडब्ल्यूएसमध्ये सगळे धरतात, शिवाय घरची शेतजमीन ५ एकरांपेक्षा कमी असावी लागते. ईडब्ल्यूएसचा दाखला त्या आर्थिक वर्षापुरताच असतो. मार्चमध्ये काढलेला एप्रिलच्या अर्जाला जोडला की तिथेच अडते.

दाखला वडिलांच्या कायम रहिवासावर मिळतो. तेव्हा बेळगावच्या घराला कर्नाटकातलाच दाखला लागतो. चंदगडच्या आजोळचा किंवा कोल्हापूरच्या कॉलेजच्या पत्त्यावरचा चालत नाही.

*नाव.* एसएसएलसीच्या (कर्नाटकातल्या दहावीच्या) मार्क्सकार्डावर आडनाव आणि आद्याक्षरे, आधारवर नाव, वडिलांचे नाव, आडनाव, पदवीवर तिसरेच. सीमाभागात हे घरोघरी दिसते. गेट आणि कंपनी दोन्ही अर्जांत एसएसएलसीप्रमाणे नाव भरा, आधार त्याला जुळवून घ्या आणि उरलेल्या फरकासाठी प्रतिज्ञापत्र करून ठेवा. जुन्या कागदावर ‘बेळगाव’चे जुने इंग्रजी स्पेलिंग असेल तर घाबरू नका; १ नोव्हेंबर २०१४ ला शहराचे नाव अधिकृतरीत्या बदलले, हे सगळ्यांना ठाऊक आहे.

हट्टीच्या सोन्याच्या खाणीबद्दल

रायचूर जिल्ह्यातली हट्टी गोल्ड माइन्स ही कर्नाटक सरकारची कंपनी. तिथे राज्याची आरक्षण यादी चालते, म्हणून वरचा २अ-३ब दाखला इथे कामाचा. राज्यघटनेच्या कलम ३७१-जे च्या (जुन्या हैदराबाद-कर्नाटक भागासाठीच्या) स्थानिक राखीव जागा मात्र बेळगाव जिल्ह्याला मिळत नाहीत. मराठी माध्यमातून शिकलेल्यांनी जाहिरातीतली कन्नडची अट सर्वांत आधी वाचावी आणि लिहिता-वाचता येण्याइतकी तयारी आधीपासून करावी. बोलता येते म्हणून लिहिता येईलच असे नाही.

अभ्यास

गेट ३ तासांची, ६५ प्रश्न, १०० गुण. त्यात जनरल ॲप्टिट्यूडचे १५ आणि बहुतेक इंजिनिअरिंग पेपरांत गणिताचे साधारण १३. हे २८ गुण शाखेचा एकही विषय न उघडता मिळतात, तरी मुले ते शेवटच्या महिन्यावर ढकलतात. एका पर्यायाचा १ गुणाचा प्रश्न चुकला तर एक तृतीयांश गुण जातो, २ गुणांचा चुकला तर दोन तृतीयांश. अनेक पर्याय बरोबर असलेल्या आणि आकडा टाइप करायच्या प्रश्नांना उणे गुण नाहीत. ते कोरे सोडू नका. हातातला कॅल्क्युलेटर नेता येत नाही, पडद्यावरचा माउसने वापरावा लागतो. घरी सगळा सराव कॅसिओवर केलेल्याची परीक्षेत निम्मी गती राहते. शेवटचे २ महिने पडद्यावरच्या कॅल्क्युलेटरवरच गणिते सोडवा.

मुलाखत असेल तर खाणीशी जोडलेले प्रश्न येतात. मेकॅनिकलवाल्यांनी बेल्ट कन्व्हेयर, पंप आणि हायड्रॉलिक सर्किट पक्के करावे. बेळगावच्या उद्यमबाग औद्योगिक वसाहतीत हायड्रॉलिक्सच्या कारखान्यात काम केले असेल तर ते इथे उपयोगी पडते. इलेक्ट्रिकलवाल्यांनी अर्थिंग, संरक्षक रिले आणि फ्लेमप्रूफ आवरण पाहावे. मिथेन हवेत साधारण ५ ते १५ टक्के असताना स्फोटक होतो, म्हणूनच आतला स्फोट सहन करून ज्वाला बाहेर पडू न देणारी ही आवरणे लागतात. हे कारण सांगता आले पाहिजे, नुसती व्याख्या नको.

वैद्यकीय तपासणी आणि मुली

रंगदृष्टीची तपासणी डोळ्यांच्या डॉक्टरांकडे आताच करून घ्या. इशिहाराच्या ठिपक्यांच्या तक्त्यावर पाच-दहा मिनिटांत कळते. निवड झाल्यावर कळणे फार जिव्हारी लागते. २०१९ मध्येच महिलांना तांत्रिक, देखरेखीच्या आणि व्यवस्थापकीय कामासाठी सकाळी ६ ते संध्याकाळी ७ या वेळेत भूमिगत खाणीतही काम करण्याची मुभा मिळाली. ‘खाणीत मुलींना घेत नाहीत’ हे जुने झाले; पालकांनी त्यावरून मुलीचा अर्ज थांबवू नये.

पैसे मागणाऱ्यांपासून सावध

शुल्क फक्त कंपनीच्या संकेतस्थळावर भरायचे. ‘लिस्टमध्ये नाव घालतो’ म्हणणाऱ्याला, मेडिकलचे किंवा जॉइनिंगचे डिपॉझिट म्हणून खात्यावर पैसे मागणाऱ्याला एक रुपयाही देऊ नका. पत्र आले तर त्याचा क्रमांक आणि तारीख कंपनीच्या संकेतस्थळावर पडताळा.

अर्ज भरायला येताना एसएसएलसीचे मार्क्सकार्ड, सर्व सेमिस्टरच्या गुणपत्रिका, दाखले आणि आधार मूळ स्वरूपात आणा. आम्ही इथेच स्कॅन करतो. व्हॉट्सॲपवरून पाठवलेला फोटो दाबला जाऊन पुसट होतो आणि सहीसकट नाकारला जातो. शेवटच्या दिवशी साइट अडकते, म्हणून मुदतीच्या किमान ५ दिवस आधी या.