भोरचं तिकीट आणि तुवालूचं डॉट टीव्ही

सॅन मारिनोने 1877 मध्ये स्वतःचं टपाल तिकीट काढलं. दोनच वर्षांनी, 1879 मध्ये, पुण्याजवळच्या भोर संस्थानानेही काढलं. सॅन मारिनो म्हणजे चहूबाजूंनी इटलीने वेढलेला अवघा 61 चौरस किलोमीटरचा मुलूख. भोर त्याच्या कितीतरी पट मोठं. पण भोरचं तिकीट भोरच्या हद्दीबाहेर चालत नसे, कारण वर इंग्रजांचं अधिराज्य. 1948 मध्ये संस्थान मुंबई प्रांतात विलीन झालं आणि आता ती तिकिटं संग्राहकांकडेच सापडतात. सॅन मारिनो मात्र अजून तिकिटं काढतं, आणि संयुक्त राष्ट्रांच्या आमसभेत त्याच्या मताची किंमत चीनच्या मताइतकीच, म्हणजे एक.

युरोपातला सॅन मारिनो, हिमालयातला भूतान, कॅरिबियनमधला सेंट किट्स, पॅसिफिकमधला तुवालू. भाषा, धर्म, हवामान कशातच मेळ नाही. मेळ आहे तो कमाईच्या एका रीतीत. विकायला माल थोडा, माणसं थोडी. मग ‘आम्ही देश आहोत’ हीच गोष्ट बाजारात मांडायची.

याची जुनी तालीम फ्रान्सला लागून असलेल्या चिमुकल्या मोनॅकोत झाली. 1861 मध्ये मोनॅकोने मेंतों आणि रोकब्रून ही दोन गावं फ्रान्सला दिली, म्हणजे जवळजवळ सगळी जमीनच गेली. बदल्यात पैसे मिळाले आणि स्वतंत्र असल्याची मान्यता पक्की झाली. दोन वर्षांत जुगारघराची कंपनी उभी राहिली, आणि 1869 मध्ये रहिवाशांचा आयकर माफ झाला. शेजारच्या देशात जे चालत नाही ते आपल्याकडे चालू द्यायचं, एवढंच भांडवल.

भूतानची गोष्ट मला जास्त आवडते. 1962 मध्ये भूतानने आंतरराष्ट्रीय टपालासाठी तिकिटं काढायला सुरुवात केली. कल्पक डोकं होतं बर्ट टॉड या अमेरिकन माणसाचं. राजघराण्याशी त्याचा स्नेह होता. देशाला पैसा हवा होता, आणि जगभर तिकिटं जमवणाऱ्यांच्या खिशात तो होता. मग त्रिमितीय तिकिटं आली, पोलादी पत्र्यावरची आली, आणि 1970च्या दशकाच्या सुरुवातीला चक्क वाजणारी तिकिटं: छोटी रेकॉर्डच, प्लेयरवर ठेवली की भूतानचं राष्ट्रगीत ऐकू येई. त्या काळी वहीत तिकिटं चिकटवणाऱ्या मुलांना भूतान कुठे आहे हे नकाशाआधी तिकिटांवरूनच कळलं असणार. 1971 मध्ये देश संयुक्त राष्ट्रांचा सदस्य झाला. तिकिटांमुळे झाला असं नव्हे, पण नाव तोवर घरोघरी पोचलं होतं.

ही सदस्यता काही आपसूक मिळणारी नव्हती. पहिल्या महायुद्धानंतरच्या राष्ट्रसंघाकडे स्वित्झर्लंड आणि ऑस्ट्रियाच्या मधल्या लिश्टेनश्टाइनने 1920 मध्ये अर्ज केला, तो फेटाळला गेला. आकार लहान, सैन्य नाही, आणि बरीच कामं दुसऱ्या देशांवर सोपवलेली. 1945 मध्ये मात्र ‘सगळे देश समान’ हे संयुक्त राष्ट्रांच्या सनदेतच लिहिलं गेलं, आणि पुढे वसाहती मोकळ्या होऊ लागल्या तशी एकेक बेटं दारात येऊन उभी राहिली. 1967 मध्ये सरचिटणीस ऊ थांट यांनी इतक्या चिमुकल्या देशांचं काय करायचं, असा प्रश्न जाहीरपणे उपस्थित केला. उत्तर कुणी दिलं नाही आणि दार उघडंच राहिलं. खुद्द लिश्टेनश्टाइन आत आलं ते 1990 मध्ये.

त्याच 1967 मध्ये माल्टाचे राजदूत आर्विद पार्दो यांनी आमसभेत समुद्रतळ साऱ्या मानवजातीचा वारसा मानावा, अशी मागणी केली. पुढे 1982चा सागरी कायद्याचा करार झाला आणि किनाऱ्यापासून 200 सागरी मैलांपर्यंतच्या संपत्तीवर किनारी देशाचा हक्क ठरला. याने बेटांचं नशीब पालटलं. पॅसिफिकमधल्या किरिबातीची जमीन 811 चौरस किलोमीटर, पण हक्काचा समुद्र सुमारे 35 लाख चौरस किलोमीटर, म्हणजे भारताच्या सागरी क्षेत्राहूनही मोठा. परदेशी ट्यूना बोटींच्या परवान्यांवर आज अशा देशांचे अर्थसंकल्प उभे आहेत. मार्शल बेटांनी परदेशी जहाजांना आपला झेंडाच भाड्याने दिला. जगातल्या सर्वांत मोठ्या जहाज-नोंदणींपैकी एक त्यांची, आणि तिचं काम चालतं अमेरिकेतल्या व्हर्जिनियातून.

सेंट किट्स आणि नेव्हिस 1983 मध्ये स्वतंत्र झाला आणि पुढच्याच वर्षी गुंतवणुकीच्या बदल्यात नागरिकत्व देण्याची सोय कायद्यात आली. उसावर जगणारं बेट ते. 2005 मध्ये साखर उद्योग बंद पडला तेव्हा पासपोर्ट हेच मुख्य पीक झालं. शेजारच्या अँटिग्वाने 2013 मध्ये तोच मार्ग धरला. पंजाब नॅशनल बँक प्रकरणातले आरोपी मेहुल चोक्सी यांनी 2017 मध्ये अँटिग्वाचंच नागरिकत्व घेतलं होतं हे उघड झालं, तेव्हा मुंबईच्या हिरेबाजारात हा भूगोल अचानक सर्वांच्या ओळखीचा झाला.

पॅसिफिकमधल्या नाउरू बेटाने तर चीन आणि तैवानला मान्यताच आलटूनपालटून दिली: फॉस्फेट संपत आल्यावर 2002 मध्ये तैवान सोडून चीन, 2005 मध्ये परत तैवान, जानेवारी 2024 मध्ये पुन्हा चीन. नावं ठेवणं सोपं आहे. पण मुळात ते फॉस्फेट ब्रिटन, ऑस्ट्रेलिया आणि न्यूझीलंडने दशकानुदशकं स्वस्तात नेलं होतं.

तुवालूचं क्षेत्रफळ 26 चौरस किलोमीटर, बोरिवलीच्या राष्ट्रीय उद्यानाच्या साधारण चौथा हिस्सा. इंटरनेटवर पत्त्याच्या शेवटी येणारी देशांची दोन अक्षरी नावं वाटली गेली तेव्हा त्याच्या वाट्याला ‘टीव्ही’ आलं. ती अक्षरं भाड्याने देऊन आलेल्या पैशाचा हात 2000 मध्ये संयुक्त राष्ट्रांत जाण्याच्या खर्चाला लागला. आता समुद्र चढतोय. 2023 मध्ये तुवालूने राज्यघटना बदलून लिहिलं की जमीन गेली तरी राज्य कायम राहील. त्याच वर्षी ऑस्ट्रेलियाशी करार झाला, दरवर्षी 280 जणांना तिथे राहायला जाता येईल असा. 2025 मध्ये पहिली सोडत निघाली. सुमारे 11,000 लोकांच्या देशातून कुटुंबीयांसह आठ हजारांहून अधिक नावं आली.