दिशा कळणं वेगळं, ठिकाण कळणं वेगळं

हिवाळ्यात डभोईजवळच्या वढवाणा तलावावर पट्टकदंब उतरले, की बडोद्यातल्या आमच्या पक्षीवेड्या मंडळींत कुणीतरी म्हणतंच, "यांच्या डोक्यात होकायंत्र असतं हो!" कदंबांबद्दल हे इतक्या ठामपणे बोलू नये. त्यांची पिल्लं पहिला प्रवास आईवडिलांबरोबर करतात, वाट थोरल्यांकडून शिकतात. युरोपातला रॉबिन मात्र रात्री आणि एकटा उडतो. त्याच्याबाबतीत ते वाक्य खरं आहे, पण अर्धंच.

होकायंत्र फक्त दिशा दाखवतं. ते हातात असलं तरी आपण जुन्या बडोद्याच्या पूर्वेच्या पाणीगेटाबाहेर आहोत की पश्चिमेच्या लहेरीपुऱ्याबाहेर, हे ठाऊक नसेल तर मधली मांडवी पश्चिमेला की पूर्वेला, ते कसं सांगणार? त्यासाठी नकाशा लागतो. प्राण्यांत या दोन जाणिवा खरोखरच वेगळ्या आहेत.

याचा सुंदर पुरावा डच पक्षीतज्ज्ञ पेरडेक यांनी 1958 साली दिला. स्टार्लिंग म्हणजे आपल्या भोरड्यांचे भाऊबंद. शरद ऋतूत हेगजवळ असे अकरा हजारांवर पक्षी पकडून, पायांत कडी घालून त्यांनी ते स्वित्झर्लंडमध्ये नेऊन सोडले. पहिल्यांदाच निघालेली तरुण पाखरं हॉलंडहून ज्या दिशेनं गेली असती, त्याच दिशेनं उडाली आणि स्पेन, दक्षिण फ्रान्सकडे पोचली. अनुभवी पक्ष्यांनी मात्र मोहरा वळवला आणि ते वायव्येला, नेहमीच्या हिवाळी मुक्कामाकडे गेले. दिशा दोघांकडे होती. आपण भलतीकडे आलोय हे फक्त थोरल्यांना उमगलं. हा प्रयोग चुंबकत्वाचा नव्हता, पण फरक याहून स्वच्छ कुणी दाखवलेला नाही.

पक्ष्यांमधल्या चुंबकीय होकायंत्राचा शोध फ्रँकफुर्टचा. रॉबिन पृथ्वीच्या चुंबकीय क्षेत्रावरून दिशा धरतो हे तिथल्या विल्चको आणि मेर्केल या संशोधकांनी 1960च्या दशकात दाखवलं. गंमत म्हणजे हे होकायंत्र आपल्या खिशातल्यासारखं नाही. त्याला उत्तर-दक्षिण ध्रुव ओळखता येत नाहीत. चुंबकीय क्षेत्राच्या रेषा जमिनीशी किती कललेल्या आहेत, तेवढंच ते बघतं आणि त्यावरून ध्रुवाकडची बाजू कुठली, विषुववृत्ताकडची कुठली, हे ठरवतं. तिरुनेलवेलीजवळ या रेषा जवळपास आडव्या असतात, बडोद्यात तीस अंशांहून जास्त कललेल्या, ध्रुवावर उभ्या. ही जाणीव प्रकाशावर चालते. डोळ्यातल्या क्रिप्टोक्रोम या प्रथिनावर निळा प्रकाश पडला की इलेक्ट्रॉनांच्या जोड्या तयार होतात आणि चुंबकीय क्षेत्राचा त्यांच्यावर परिणाम होतो, असं आजचं सर्वात भक्कम स्पष्टीकरण आहे. म्हणूनच रेडिओ लहरींचा गोंगाट तिला बिघडवतो. जर्मनीतल्या ओल्डेनबर्ग शहरात रॉबिन गोंधळलेलेच राहिले. त्यांच्या खोल्यांना अ‍ॅल्युमिनियमचं अर्थिंग केलेलं आवरण घातल्यावर त्यांना दिशा सापडू लागली. हे 2014 साली प्रसिद्ध झालं.

नकाशाची गोष्ट वेगळी. क्षेत्राची तीव्रता पृथ्वीवर साधारण 25 ते 65 मायक्रोटेस्लांच्या दरम्यान बदलते, कलही बदलतो. दोन्हींची जोडी म्हणजे त्या जागेची खूणगाठ. फ्लोरिडाच्या किनाऱ्यावर जन्मणाऱ्या लॉगरहेड कासवांना ती वाचता येते, हे अमेरिकी जीवशास्त्रज्ञ केनेथ लोहमान यांच्या गटानं अनेक प्रयोगांत दाखवलं. 2025 साली त्यांच्याच गटानं टाकीतल्या कासवांना एका ठिकाणच्या चुंबकीय क्षेत्रात खाऊ दिला, दुसऱ्या ठिकाणच्या क्षेत्रात दिला नाही. पुढे खाऊवाल्या क्षेत्रात ठेवताच ती डोकं पाण्याबाहेर काढून, तोंड उघडून, वल्ह्यांसारखे पाय आपटत नाचू लागली. मग रेडिओ लहरी सोडल्या. नाच तसाच चालू राहिला, पोहण्याची दिशा मात्र बिघडली.

म्हणजे कासवात दोन वेगळ्या यंत्रणा असल्या पाहिजेत. नकाशावाल्या यंत्रणेबाबत संशयाची सुई मॅग्नेटाइटच्या, म्हणजे चुंबकीय लोहखनिजाच्या कणांकडे आहे. असे कण काही जिवाणूंमध्ये 1970च्या दशकापासून माहीत आहेत. कासवाच्या शरीरात ही जाणीव नेमकी कुठे बसते, याचा शोध अजून चालू आहे.