काळ्या फॉस्फरसच्या पन्हळी

छपराचा पन्हळी पत्रा हाताळून पाहा. पन्हळींना आडवा तो सहज वाकतो, गुंडाळताही येतो; लांबीच्या दिशेने मात्र गुडघा लावला तरी दाद देत नाही. पत्रा एकच, फरक घडणीचा. काळा फॉस्फरस हे फॉस्फरस मूलद्रव्याचं थरांनी बनलेलं रूप. त्याचा प्रत्येक थर असाच आहे, फक्त त्याच्या पन्हळी अणूंच्या आहेत आणि थराची जाडी सुमारे अर्धा नॅनोमीटर.

अमेरिकन भौतिकशास्त्रज्ञ पर्सी ब्रिजमन यांनी पांढऱ्या फॉस्फरसवर प्रचंड दाब देऊन काळा फॉस्फरस १९१४ साली पहिल्यांदा बनवला. त्याचे अतिपातळ पापुद्रे सोलून ट्रान्झिस्टर बनवायला २०१४ साल उजाडलं. या अर्धवाहकाची खरी गंमत मला वाटते ती प्रकाशात.

प्रकाशलहरीत विद्युतक्षेत्र हेलकावे खात असतं आणि पोलरॉइड गॉगल ठरावीक दिशेचेच हेलकावे पुढे सोडतो. असा निवडलेला, योग्य तरंगलांबीचा अवरक्त प्रकाश पापुद्र्यावर टाका. हेलकावे पन्हळींना आडवे असतील तर तो शोषला जातो. पापुद्रा ९० अंशांत फिरवला, की तोच प्रकाश शोषला न जाता आरपार निघून जातो! कारण सममितीत आहे. पन्हळीच्या लांबीवर आडवा आरसा धरला तर अणूंची मांडणी दोन्हीकडे तंतोतंत सारखी दिसते. त्यामुळे लांबीच्या दिशेने इलेक्ट्रॉनला बसणाऱ्या धक्क्याचे दोन बाजूंचे परिणाम एकमेकांना पुसून टाकतात आणि वरच्या ऊर्जापट्ट्यात उडी घेणं त्याला जमत नाही.

तुलनेसाठी असाच थरांचा दुसरा अर्धवाहक घ्या, मॉलिब्डेनम डायसल्फाइड. त्याच्या थरात सपाटीवरच्या सगळ्या दिशा प्रकाशाला सारख्याच. तिथे भेद आहे तो थराच्या सपाटीत आणि थरांना काटकोनात. अवरक्त प्रकाशात या दोन दिशांच्या अपवर्तनांकांत, म्हणजे प्रकाश किती मंदावतो त्याच्या मापात, सुमारे १.५ चा फरक पडतो. आपल्या दख्खनच्या बेसाल्टमध्ये सापडणारं कॅल्साइट प्रकाशकिरण दुभंगण्यासाठी प्रसिद्ध, पण त्याचा फरक जेमतेम ०.१७.

पुन्हा पत्र्याकडे येऊ. पावसाचं पाणी पन्हळीतून वाहतं. काळ्या फॉस्फरसमध्ये उष्णताही तशीच पन्हळीच्या लांबीने जास्त सहज वाहते. इलेक्ट्रॉन मात्र पन्हळी ओलांडूनच वेगाने धावतात. एकाच पापुद्र्यात उष्णतेची वाट वेगळी, विजेची वेगळी!

काळा फॉस्फरस प्रकाश असा दिशा पाहून शोषतो, म्हणूनच वेगळी गाळणी न लावता प्रकाशाच्या हेलकाव्यांची दिशा ओळखणारे संवेदक यातून बनवता आले आहेत. अडचण एकच, पण मोठी. उघड्या हवेत प्राणवायू, ओलावा आणि उजेड मिळून पातळ पापुद्रा काही तासांत खराब करतात आणि सूक्ष्मदर्शकाखाली त्याच्यावर थेंबांसारखे फुगवटे दिसू लागतात. त्यामुळे तो निष्क्रिय वायूने भरलेल्या बंद पेटीत सोलतात आणि बोरॉन नायट्राइडच्या दोन थरांमध्ये झाकून मगच बाहेर काढतात.