मॅनेजरचं नाव कायद्यात कसं आलं

कारखान्याचा चार्ज घेतला की सात दिवसांत नव्या मॅनेजरचं नाव सरकारच्या फॅक्टरी इन्स्पेक्टरकडे कळवायचं, असं १९४८ च्या कारखाने अधिनियमाचं कलम ७ सांगत होतं. मॅनेजर नेमलेलाच नसेल तर ते काम जो करताना आढळेल तोच मॅनेजर धरायचा, आणि असाही कुणी नसेल तर खुद्द भोगवटादार, म्हणजे कारखान्याच्या कारभारावर अंतिम ताबा असलेला माणूस. सरकारला हे नाव एवढं का हवं असतं, ते तरुण मॅनेजरांना सहसा कुणी सांगत नाही. मग सेफ्टीची रजिस्टरं त्यांना नुसती कारकुनी वाटतात.

सुरुवात मुंबईच्या गिरण्यांपासून करावी लागते. कावसजी दावरांनी १८५४ मध्ये पहिली कापडगिरणी काढली, गिरण्या भराभर वाढल्या आणि १८७५ मध्ये चौकशी आयोग नेमावा लागला. त्यातून आलेल्या १८८१ च्या कायद्याने यंत्रांना कुंपण घालायला सांगितलं खरं, पण सात वर्षांच्या पोराला कामावर ठेवायची मुभा कायम ठेवली. त्यापुढे जाऊन कामगारांचं म्हणणं मांडलं ते कामगार नेते नारायण मेघाजी लोखंडे यांनी. १८८४ च्या सभेनंतर सुमारे साडेपाच हजार सह्यांचं निवेदन गेलं. त्यातली रविवारच्या सुट्टीची मागणी सगळ्यांना ठाऊक असते. मला मात्र दुसरी मागणी जास्त मोलाची वाटते: कामावर जबर जखमी झालेल्याला बरा होईपर्यंत पगार द्या, आणि जन्माचा जायबंदी झाला तर त्याच्या पोटाची सोय करा. सुट्टी १८९० मध्ये मिळाली. नुकसानभरपाईचा कायदा यायला १९२३ उजाडलं.

१९४८ च्या कायद्याने सुरक्षेची कलमं तपशिलात उतरवली. कलम ३६ टाक्या आणि भुयारांसारख्या बंदिस्त जागांचं. नोकरीच्या पहिल्या वर्षी मी वेसल एंट्रीचं परमिट, म्हणजे टाकीत माणूस उतरवायचा परवाना, टेबलावरच सही करून परत देत होतो. जुन्या फोरमननी कागद माझ्यापुढे तसाच धरला. “साहेब, सही मॅनहोलपाशी येऊन करा.” तिथे गेल्यावर दिसलं, फिटरच्या कमरेला पट्टा होता, पण दोराचं दुसरं टोक कुणाच्याच हातात नव्हतं. त्यानंतर मी एकही परमिट खुर्चीत बसून दिलं नाही.

सगळ्यात मोठं वळण भोपाळच्या युनियन कार्बाइड कारखान्याचं. २ डिसेंबर १९८४ च्या रात्री मिथाइल आयसोसायनेट या विषारी रसायनाची टाकी तापली तेव्हा ती थंड ठेवणारी यंत्रणा कित्येक महिने बंद होती. वायू जाळून टाकणारा फ्लेअर टॉवर दुरुस्तीसाठी पाइपलाइनपासून तोडलेला होता. वायू धुऊन काढणारा स्क्रबर त्या माऱ्यापुढे टिकला नाही. कागदावर तिन्ही यंत्रणा होत्या. हजारो माणसं गेली. २०१० मध्ये तिथल्या न्यायालयाने ज्यांना दोन वर्षांची शिक्षा सुनावली, त्यांत कंपनीच्या वरिष्ठांसोबत वर्क्स मॅनेजर आणि प्रॉडक्शन मॅनेजरही होते.

१९८७ च्या दुरुस्तीवर भोपाळची स्पष्ट छाया आहे. कामगारांच्या सुरक्षिततेची सर्वसाधारण जबाबदारी कलम ७ अ ने थेट भोगवटादारावर टाकली, आणि कंपनी असेल तर भोगवटादार म्हणजे तिचा संचालकच, असं ठरलं. घातक प्रक्रियांसाठी स्वतंत्र प्रकरण आलं; त्यात धोक्याची माहिती उघड करणं, कामगारांच्या तब्येतीची नोंद ठेवणं आणि सुरक्षा समिती नेमणं बंधनकारक झालं. कलम १०१ आधीपासून होतं: आपण पुरेशी खबरदारी घेतली होती आणि चूक दुसऱ्याने आपल्या नकळत केली, हे सिद्ध केलं तर मॅनेजर सुटू शकत असे. हे सिद्ध करायला रोजच्या तारखेनिशी केलेल्या नोंदी लागतात, अपघातानंतर एका रात्रीत भरलेलं रजिस्टर चालत नाही.

२१ नोव्हेंबर २०२५ पासून व्यावसायिक सुरक्षा, आरोग्य व कार्यस्थिती संहिता लागू झाली आणि कारखाने अधिनियमासह १३ कायदे त्यात विलीन झाले. सेफ्टी ऑफिसर पूर्वी हजार कामगारांच्या कारखान्याला लागायचा, आता पाचशेंना लागतो. ही बाजू चांगली आहे. पण विजेवर चालणाऱ्या जागेला कारखाना म्हणायची मर्यादा दहा कामगारांवरून वीसवर गेली. पत्रा दाबून सुटे भाग काढणाऱ्या पंधरा माणसांच्या प्रेसशॉपच्या मालकावर आस्थापनेची सर्वसाधारण कर्तव्यं राहतात, तरी ते शॉप कारखान्याच्या व्याख्येबाहेर पडतं. मला काळजी वाटते ती त्याची, कारण पॉवर प्रेसखाली जाणारी बोटं तिथेही तीच असतात.