शंभर वर्षांची रेघ : मुंबईतल्या जुन्या फर्निचरच्या धंद्याची पार्श्वभूमी

मुंबईच्या चोर बाजारातल्या मटण स्ट्रीटवरच्या कुठल्याही दुकानात गिऱ्हाईक कपाटावरून हात फिरवतं आणि पहिला प्रश्न वयाचा विचारतं. उत्तरही ठरलेलं असतं : "शंभर वर्षं तरी झाली असतील." हे उत्तर खरं मानलं, तर त्या क्षणी तीन गोष्टी बदलतात. ते कपाट विकायला सरकारी परवाना लागू शकतो, ते देशाबाहेर नेता येत नाही आणि त्याच्यावरचा कराचा दरही वेगळा होतो. दुकानदाराच्या मनात यातलं काहीच नसतं. त्याला एवढंच सांगायचं असतं की लाकूड चांगलं आहे. पण 'अँटिक' या एका शब्दात बाजाराचा अर्थ आणि कायद्याचा अर्थ असे एकमेकांत अडकले आहेत की, जुनं फर्निचर विकत घेऊन, दुरुस्त करून पुन्हा विकण्याचा धंदा आज जसा दिसतो तसा का झाला, हे तो शब्द सोडवल्याशिवाय कळत नाही.

चोर बाजाराच्या नावाची कथा, शुक्रवारचा जुम्मा बाजार, पुण्यातला बुधवार-रविवारचा जुना बाजार, हे सगळं वाचकांना ठाऊक आहे. माल आला कुठून, एवढं थोडक्यात सांगतो. एकोणिसाव्या शतकात मुंबईच्या श्रीमंत घरांसाठी काळ्या शिसवीचं दाट कोरीवकाम केलेलं फर्निचर बनत होतं. परदेशी लिलावांच्या याद्यांत ते 'बॉम्बे ब्लॅकवुड' म्हणून येतं. १८८५ च्या युद्धानंतर उरलेला ब्रह्मदेशही इंग्रजांच्या ताब्यात गेला, सागाचे ओंडके समुद्रमार्गे येत राहिले, आणि 'बर्मा टीक' हा शब्द रे रोडच्या वखारींपासून दिवाणखान्यापर्यंत पोचला. १९४२ मध्ये जपानी फौजांनी ब्रह्मदेश घेतला आणि तो पुरवठा तुटला. पुढे तो कधीच पहिल्यासारखा झाला नाही, आणि १ एप्रिल २०१४ पासून म्यानमारने कच्च्या ओंडक्यांची निर्यातच बंद केली. दुकानात आज ज्याला 'बर्मा' म्हणतात त्यातला बराचसा साग कुठल्या जंगलातला, हे नुसत्या रंगावरून कुणीही सांगू शकत नाही. जुना, गडद आणि जड, एवढाच त्या शब्दाचा अर्थ आता उरला आहे.

१९४७ च्या आगेमागे गोरी कुटुंबं सामान विकून परत गेली. पुढे घराघरांत लोखंडी कपाटं आली, प्लायवुड आणि सनमायका आला, आणि शिसवीचं कोरीव कपाट जागा अडवणारं ओझं ठरलं. पण या धंद्याला खरा माल मिळाला तो इमारती पडायला लागल्यावर. भाडेनियंत्रणाखाली अडकलेल्या, १९४० पूर्वी बांधलेल्या उपकरप्राप्त (दुरुस्तीसाठी सरकारी उपकर भरणाऱ्या) चाळी आणि इमारती १९९१ च्या विकास नियमावलीनंतर, आणि १९९९ च्या बदलांनंतर जास्तच वेगाने, पुनर्विकासाला जाऊ लागल्या. बारा फुटी छताखाली उभं राहिलेलं आरशाचं कपाट नव्या साडेनऊ फुटी खोलीत मावतं एकवेळ, पण लिफ्टमध्ये मावत नाही. चार खांबांचा छपरी पलंग तर मावतच नाही. म्हणून तो जिन्यातूनच विकला जातो, बहुतेक वेळा लाकडाच्या वजनाच्या हिशेबाने. पुण्यातल्या वाड्यांचंही तसंच झालं. तिथून पलंग-कपाटांबरोबर दारं, चौकटी, खांब आणि तुळयाही आल्या.

आता कायदा. पुराण वस्तू व कलामूल्य असलेल्या वस्तूंचा कायदा १९७२ मध्ये मंजूर झाला आणि ५ एप्रिल १९७६ पासून लागू झाला. त्याआधी १९४७ चा निर्यात नियंत्रणाचा कायदा होता. नव्या कायद्याचा सगळा रोख देवळांतून चोरीला जाणाऱ्या मूर्ती आणि चित्रांवर होता, आणि त्या काळची लूट पाहता तो असायलाच हवा होता. फर्निचर कुणाच्या डोळ्यांसमोर नव्हतं. पण व्याख्या लिहिताना ती फार रुंद लिहिली गेली. नाणी, शिल्पं, चित्रं, शिलालेख यांच्या पुढे 'कलेची किंवा कारागिरीची अन्य वस्तू' आली. इमारतीपासून वेगळी केलेली वस्तू आली. गेलेल्या काळातली कला, हस्तव्यवसाय, चालीरीती दाखवणारी वस्तूही आली. या सगळ्यांना अट एकच : किमान शंभर वर्षांचं अस्तित्व. हस्तलिखितांसारख्या कागदपत्रांना पंचाहत्तर.

हे शब्द फर्निचरवर लावून पाहा. कोरीव शिसवी कोच ही कारागिरीची वस्तू आहे, यात वाद नाही. वाड्याचं दार इमारतीपासून वेगळं केलेलं आहे, म्हणजे ते सरळ व्याख्येत बसतं. पण शाळेतला साधा सागवानी बाक? स्वयंपाकघरातलं जाळीचं कपाट? तेही गेलेल्या काळातल्या चालीरीती दाखवतंच. मग ते पुराण वस्तू झालं का? प्रश्न उभा राहिला तर पुरातत्त्व खात्याच्या वरिष्ठ अधिकाऱ्याने निर्णय द्यायचा आणि तो अंतिम मानायचा, अशी कायद्यात सोय आहे. पण प्रश्न कुणी विचारला तर ना. तो निर्यातीच्या वेळी उभा राहतो, कारण बोटीत चढवताना वस्तू पुराण नसल्याचा दाखला मागितला जातो. गिरगावातून ठाण्याला जाणाऱ्या टेम्पोला कुणी दाखला मागत नाही. म्हणून देशातल्या देशात ही व्याख्या जवळपास झोपून आहे. पुराण वस्तू विकण्याचा धंदा परवान्याशिवाय करायचा नाही, असं कलम असूनही बहुतेक फर्निचरवाले स्वतःला त्या कलमाखालचे समजत नाहीत. परवाना पद्धत सैल करणारा मसुदा २०१७ मध्ये निघाला होता. त्याचा कायदा झाला नाही.

माझ्या मते सगळ्यात मोठी गाठ वेगळीच आहे. त्या व्याख्येत दुरुस्तीबद्दल एक शब्दही नाही. वाळवीने खाल्लेल्या दोन कपाटांचं एक करणं ही या धंद्यातली रोजची गोष्ट आहे. वरचा भाग १८९० च्या सुमाराचा, पाय दुसऱ्याच कपाटाचे, मागच्या फळीच्या जागी प्लाय, बिजागऱ्या कालच्या. याचं वय किती? सुतार सांगेल, 'अर्धं जुनं.' कायद्याकडे अर्ध्याचा हिशेब नाही. वस्तू एक तर रेघेच्या अलीकडे, नाही तर पलीकडे. याचा एक विपरीत परिणाम होतो. ज्याला माल परदेशी पाठवायचा आहे त्याच्या दृष्टीने जितकी दुरुस्ती जास्त, जितकं पॉलिश नवं, तितका दाखला सोपा. मूळ अंग राखणाऱ्याची अडचण, खरवडून टाकणाऱ्याची सोय. जोधपूरच्या कारखान्यांनी जुनी दारं कापून टेबलं करण्याचा आणि नव्या लाकडाला जुनं रूप देण्याचा जो मोठा निर्यात व्यवसाय उभा केला, त्यामागे परदेशी मागणी हे मुख्य कारण खरंच. पण अख्खं जुनं दार बाहेर जाऊ शकत नाही आणि त्याचं टेबल होऊन जाऊ शकतं, ही वाटही त्याला मोकळी मिळाली. वारसा वाचवण्यासाठी आखलेली रेघ वारसा तोडायला उत्तेजन देते, हे मला पटत नाही.

ही रेघ दुसऱ्या टोकालाही कशी अपुरी पडते, ते चंदीगडने दाखवून दिलं. १९५० च्या दशकात नव्या राजधानीच्या कचेऱ्यांसाठी, ग्रंथालयांसाठी, वसतिगृहांसाठी एका स्विस वास्तुविशारदाच्या देखरेखीखाली सागाच्या आणि शिसमाच्या, वेताने विणलेल्या, तिरक्या पायांच्या खुर्च्या हजारोंनी बनल्या. मोडल्यावर त्या गच्च्यांवर रचल्या गेल्या आणि भंगाराच्या भावाने लिलावात निघाल्या. परदेशी व्यापाऱ्यांनी त्या उचलल्या, दुरुस्त केल्या आणि पॅरिस, लंडन, न्यूयॉर्कच्या लिलावांत त्यांना लाखांत किंमत आली. बोभाटा झाल्यावर २०११ मध्ये केंद्राने आदेश काढून अशा फर्निचरच्या विक्रीला मनाई केली. पण आदेश सरकारी साठ्यापुरता. आधीच विकल्या गेलेल्या खुर्च्यांना कायदा लागू होत नव्हता, कारण त्यांना शंभर वर्षं झालेली नव्हती. वारसा आहे, पण पुराण वस्तू नाही, असं हे त्रांगडं.

चंदीगडमधून मुंबईच्या पॉलिशवाल्यांनी शिकावं असं आणखी एक आहे. या खुर्च्यांच्या पाठीवर किंवा मागच्या पट्टीवर खात्याचं नाव आणि नोंदीचा क्रमांक रंगाने लिहिलेला असतो, आणि आज खरी खुर्ची ओळखायला त्याचाच आधार घेतला जातो. आपल्याकडे कारागीर पहिलं काम काय करतो, तर असलं काही दिसलं की पॉलिश पेपरने घासून टाकतो. मुंबईच्या जुन्या फर्निचरवर बनवणाऱ्याचं नाव क्वचितच असतं. मग वय ठरवायला उरतं काय? ड्रॉवरच्या तळावरच्या करवतीच्या खुणा, स्क्रूच्या डोक्यावरची हाताने कापलेली वाकडी खाच, कुलपावरचा छाप, मागच्या फळीवर सुताराने पेन्सिलीने केलेलं माप. हे सगळं नेमकं तिथे असतं, जिथे गिऱ्हाईक बघत नाही आणि कारागीर बेफिकीर असतो.

पॉलिशचंही तेच. जुनं अंग लाखेचं असायचं. चपडा लाख स्पिरिटमध्ये विरघळवून कापडाच्या बोळ्याने थरावर थर चढवायचा, आणि प्रत्येक थराला हात गोल फिरवत राहायचा. हे पॉलिश पाण्याने पांढरं पडतं, गरम कपाचा डाग धरतं, पण खराब झालेल्या जागी तेवढ्यापुरतं पुन्हा चढवता येतं. नंतर मेलामाइन आलं, मग पीयू (पॉलियुरेथेन), दोन्ही रासायनिक पॉलिशं. त्यांची चकाकी टिकते, पण उडाली की सगळं खरवडावं लागतं. लाखेचं काम येणारे हात आजही भेटतात. मात्र त्यासाठी चार-पाच दिवस थांबायची तयारी असलेलं गिऱ्हाईक कमी भेटतं.

२०१७ नंतर या गुंत्यात कराची भर पडली. वस्तू व सेवा करात जुन्या मालासाठी सवलतीचा नियम आहे : खरेदी आणि विक्री यांच्या फरकावरच कर. अट अशी की माल आहे तसा विकावा, किंवा त्याचं स्वरूप न बदलणारी किरकोळ प्रक्रिया करून विकावा. आता पॉलिश किरकोळ का? असेल. वेत नव्याने विणणं? कोचाचा काथ्या-स्प्रिंगा काढून नवी गादी भरणं? पलंगाचा बाक करणं? शेवटचं तर स्वरूप बदलणंच झालं. मधल्या दोन्हींबद्दल दोन कर-सल्लागार दोन उत्तरं देतील. आकडे घेऊन पाहू. ८,००० ला घेतलेलं कपाट २०,००० ला विकलं, तर फरक १२,००० आणि १८ टक्क्यांनी कर २,१६०. सवलत नाकारली गेली तर पूर्ण २०,००० वर ३,६००. शिवाय फरक म्हणजे नफा नव्हे. मधे सुताराला आणि पॉलिशवाल्याला दिलेले चार-पाच हजार त्या फरकातून वजा होत नाहीत. म्हणजे मेहनत जितकी जास्त तितका त्या मेहनतीवरही कर. वार्षिक उलाढाल चाळीस लाखांच्या आत असणाऱ्या छोट्या दुकानांना नोंदणीच लागत नाही, म्हणून ही कुरकुर मोठ्या दुकानांतच जास्त ऐकू येते. आणि इथेही शंभर वर्षांची रेघ आहेच. त्याहून जुन्या वस्तूंना आधी १२ टक्के होता, सप्टेंबर २०२५ पासून ५. साध्या लाकडी फर्निचरला मात्र १८ च. एका कायद्यात शंभरी गाठणं म्हणजे बंधन, दुसऱ्यात सवलत. दुकानदाराने गिऱ्हाईकाला वय सांगताना यातलं काय लक्षात ठेवावं?

शिसवीवर आणखी एक बंधन आलं. २ जानेवारी २०१७ पासून शिसव-शिसम ज्या डाल्बर्जिया गटातले तो सगळा गट आंतरराष्ट्रीय व्यापाराच्या नियंत्रित यादीत गेला. पुढे दहा किलोपर्यंतच्या तयार मालाला सूट मिळाली. त्यात पेटी-पाट बसतात, कपाट नाही.

दरम्यान बाजार सरकला. जोगेश्वरी-ओशिवऱ्याच्या फर्निचर मार्केटने जुना माल, चित्रीकरणाच्या सेटवर भाड्याने जाणारा माल आणि नवा 'जुना' माल एका रांगेत उभा केला. भेंडी बाजारच्या साडेसोळा एकरांत अडीचशेच्या आसपास इमारतींचा समूह पुनर्विकास सुरू आहे, आणि मटण स्ट्रीटच्या आसपासची किती दुकानं रस्त्यावरची राहतील, याची चिंता तिथल्या प्रत्येक गल्ल्यावर आहे. २०२० च्या टाळेबंदीत घरून काम करणाऱ्यांनी फोनवरच टेबलं शोधली. तेव्हापासून घरच्या बाल्कनीत एक-दोन वस्तू घासून, रंगवून विकणारी तरुण मंडळी वाढली आहेत. त्यांच्यातले काही जण दुरुस्तीआधीचे आणि नंतरचे फोटो ठेवतात, काय बदललं ते लिहून देतात. एवढी नोंद जुन्या बाजाराने कधी ठेवली नव्हती, आणि माझ्या लेखी धंद्यात इतक्या वर्षांत झालेली ही सगळ्यात चांगली गोष्ट आहे.

कारण रेघ थांबलेली नाही. १९७६ मध्ये ती १८७६ वर होती, आता १९२० च्या दशकात आली आहे. मरीन ड्राइव्हच्या आणि ओव्हल मैदानासमोरच्या आर्ट डेको शैलीच्या इमारती १९३० च्या दशकातल्या. २०१८ मध्ये त्या जागतिक वारसा यादीत गेल्या, आणि त्यांच्यासोबत घडलेली गोल कोपऱ्यांची कपाटं, तीन आरशांची ड्रेसिंग टेबलं, अक्रोडी व्हिनियरचे साइडबोर्ड आज ओशिवऱ्यात 'आर्ट डेको' म्हणून विकले जातात. १९३२ साली बनलेलं कपाट २०३२ मध्ये पुराण वस्तू होईल. त्याच्या मागच्या फळीवर सुताराने घातलेली तारीख कुणी घासली नसली, तर ते सिद्धही करता येईल.