गाडी लो करताना घरी काय उघडायचं आणि आमच्याकडे काय आणायचं

आमच्याकडून लोअरिंग स्प्रिंगचा (गाडी खाली बसवणाऱ्या आखूड स्प्रिंगांचा) सेट नेणाऱ्या बऱ्याच ग्राहकांना तो घरी, स्वतःच्या हातानं बसवायचा असतो. त्याला आमची ना नाही. मागच्या स्प्रिंगा अंगणात बदलता येतात आणि पुढच्यांचंही अर्धं काम घरी होतं. उरलेल्या अर्ध्यात मात्र हात मोडू शकतो, जीवही जाऊ शकतो. घरी कुठवर करायचं आणि कुठे थांबायचं, हे प्रत्येक ग्राहकाला पाना हातात घेण्याआधी माहीत असावं म्हणून हे पत्रक देतो.

सेट घेण्याआधी

आपल्याकडच्या हॅचबॅक साधारण १६० ते १७० मिमी ग्राउंड क्लिअरन्सच्या असतात. इंडियन रोड्स काँग्रेसच्या मानकाप्रमाणे गतिरोधक १०० मिमी उंच आणि ३.७ मीटर रुंद असायला हवा, पण गावात शिरताना समोर येणारा प्रत्येक उंचवटा हे माप पाळत नाही. त्यात गाडी ३० मिमी खाली घेतलेली, चवथीला (गणेश चतुर्थीला) पाच माणसं बसलेली आणि डिकीत गणपतीवर बांधायच्या माटोळीचं सामान. हा हिशेब घरी करूनच दुकानात या. ३० मिमीपेक्षा जास्त खाली बसणारा सेट रोजच्या गाडीला घालू नये, असं आमचं मत आहे. आणि गोव्यातल्या दिवाडी किंवा चोडण बेटाची फेरीबोट ज्यांना रोज धरावी लागते, त्यांना आम्ही गाडी लो न करण्याचाच सल्ला देतो. ओहोटीला धक्क्याचा उतार आणि बोटीची फळी यांच्यात जो कोन होतो, तिथे पुढचा बंपर आधी टेकतो.

मूळ स्प्रिंगचा एखादा वेढा कापून गाडी खाली बसवणं पैसे वाचवणारं वाटतं. कृपा करून ते करू नका. कापलेलं टोक खालच्या वाटीत नीट बसत नाही. चाक खड्ड्यात पूर्ण खाली लोंबलं की सुटी झालेली स्प्रिंग जागेवरून सरकते. गॅसनं तापवून दाबलेली स्प्रिंग तर त्याहून वाईट, कारण तापवल्यावर पोलादाचं पाणी उतरतं आणि पुढे ती कधी तुटेल याचा भरवसा राहत नाही. तयार सेटमधली स्प्रिंग लांबीला कमी असली तरी जास्त कडक असते. चाकाला वर जायला जी जागा असते तिच्यातले ३० मिमी आधीच गेलेले असतात. उरलेल्या जागेत तोच धक्का थोपवायचा तर कडकपणा वाढवावाच लागतो. म्हणूनच तेल गळणाऱ्या, दमलेल्या शॉकअपवर नवा सेट बसवून उपयोग नाही. आधी शॉकअप बदला.

कायद्याचंही बघा. मोटार वाहन कायदा १९८८ च्या कलम ५२ नुसार, नोंदणीपत्रातला तपशील कंपनीच्या मूळ तपशिलाशी जुळणार नाही असा बदल मालकाला करता येत नाही. सर्वोच्च न्यायालयानं जानेवारी २०१९ मध्ये हे ठामपणे सांगितलं. त्याच वर्षीच्या दुरुस्तीनुसार बेकायदा बदलाला प्रत्येकी ५,००० रुपये दंड, सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन्ही होऊ शकतात. आरटीओत आधी विचारा, विमा कंपनीला लेखी कळवा. गाडी वॉरंटीत असेल तर सस्पेन्शनचा दावा पुढे नाकारला जाऊ शकतो, हेही गृहीत धरा.

जागा आणि जॅक

डिकीतला जॅक फक्त पंक्चर झालेलं चाक बदलण्यासाठी असतो. त्याच्या भरवशावर गाडीखाली हातसुद्धा घालू नका. हायड्रॉलिक ट्रॉली जॅक आणि दोन मजबूत जॅक स्टँड हवेतच. लाल मातीच्या अंगणात, विशेषतः पाऊस सुरू झाल्यावर, स्टँडचे पाय रुततात. खाली जाड प्लायवूडचे तुकडे घाला, शक्यतो काँक्रीटवरच काम करा. अजून एक गोष्ट हटकून विसरली जाते: बहुतेक गाड्यांत हँडब्रेक मागच्या चाकांना असतो. मागची बाजू उचलली की तो गाडी धरून ठेवत नाही. पुढच्या दोन्ही चाकांना पुढून-मागून लाकडी ठोकळे लावा.

किनाऱ्याजवळच्या गाड्यांचे नट खाऱ्या हवेनं गंजून धरलेले असतात. आदल्या रात्री गंज सोडवणारं तेल मारून ठेवा. जोर लावून बोल्ट तुटला तर कामाचा दिवस तिथेच संपतो.

मागची बाजू घरी करा

स्विफ्ट, आय-२०, पोलो यांसारख्या गाड्यांत मागे टॉर्शन बीम (मागची दोन्ही चाकं जोडणारी आडवी तुळई) असतो आणि स्प्रिंग शॉकअपपासून वेगळी असते. बीमखाली जॅक लावून वजन धरा, दोन्ही शॉकअपचे खालचे बोल्ट काढा आणि जॅक हळूहळू उतरवा. ब्रेकचा होज आणि एबीएसची वायर ताणली जात नाही ना, याकडे डोळा ठेवा. बीम पुरेसा खाली आला की स्प्रिंग हातानं निघते, स्प्रिंग दाबून धरणारा कॉम्प्रेसर लागत नाही. जुन्या स्प्रिंगच्या वरखाली असलेलं रबर नवीवर तसंच चढवा. ते राहिलं तर पहिल्याच खड्ड्यात धातूवर धातू वाजेल. स्प्रिंगवर छापलेली अक्षरं सहसा सरळ वाचता यावीत अशी ती उभी करायची असते. तरी सेटमधला कागद बघून खात्री करा.

बोल्ट शेवटचे आवळताना गाडीचं वजन चाकांवर असू द्या, किंवा जॅकनं बीम त्या उंचीला उचलून धरा. चाक लोंबत असताना आवळलं तर गाडी खाली बसल्यावर बुशमधलं (सांध्यातल्या नळीमधलं) रबर कायम पिळलेलं राहतं आणि लवकर फाटतं.

पुढची बाजू: इथे थांबायचं

पुढे स्प्रिंग शॉकअपवरच दाबून बसवलेली असते. बॉनेट उघडलं की वरच्या माउंटभोवती बहुधा दोन-तीन लहान नट दिसतात आणि मधोमध एक मोठा नट, कधी प्लास्टिकच्या टोपीखाली. लहान नट माउंटला गाडीच्या पत्र्याशी धरतात. मधल्या नटानं दाबलेली स्प्रिंग अडवून ठेवलेली असते. काही गाड्यांत वरची रचना वेगळी असते, तेव्हा आधी बॉनेटचा फोटो आम्हाला पाठवा.

मधला नट घरी काढायचा नाही. हजार किलोच्या गाडीत इंजिन पुढे असल्यानं पुढच्या एकेका चाकावर तीनशे किलोच्या आसपास भार येतो, आणि तो पेलणारी स्प्रिंग तिथे दाबून ठेवलेली असते. नट सुटताच माउंट आणि वाटी बंदुकीच्या गोळीसारखी वर उडते. दोन हुकांचे स्वस्त कॉम्प्रेसर बाजारात मिळतात, पण हुक एका बाजूनं सरकला की स्प्रिंग वाकडी होऊन निसटते. आमच्याकडे भिंतीला बसवलेला, स्प्रिंगला चहूबाजूंनी धरणारा कॉम्प्रेसर आहे.

म्हणून घरी एवढंच करा. लिंक रॉड (शॉकअपला अँटी-रोल बारशी जोडणारी दांडी), ब्रेक होजचा क्लिप आणि एबीएसची वायर सोडवा. नकलचे (चाकाचा हब धरणाऱ्या भागाचे) दोन बोल्ट काढण्याआधी त्यांच्या जागेवर रंगाची खूण करा, नाहीतर कॅम्बर (चाकाचा उभा कल) बराच हलतो. नकल तारेनं बांधून ठेवा, होजवर लोंबू देऊ नका आणि बाहेर कलू देऊ नका, कारण त्यानं ड्राइव्हशाफ्टचा (चाकाला ताकद पोचवणाऱ्या दांड्याचा) आतला जॉइंट निसटू शकतो. मग वरचे लहान नट काढून शॉकअप स्प्रिंगसकट अख्खा बाहेर घ्या. डाव्या-उजव्याची चिठ्ठी बांधा आणि दोन्ही आमच्याकडे आणा. बंप स्टॉप (शॉकअपवरचा, शेवटचा धक्का थोपवणारा लवचीक ठोकळा) कापायला सेटच्या कागदात सांगितलं असेल तर ते माप आम्ही इथेच घेतो. मधला नट आम्ही इम्पॅक्ट गननं फिरवत नाही. रॉड ॲलन कीनं धरून, टॉर्क रेंचनं (ठरलेल्या जोरालाच आवळणाऱ्या पान्यानं) आवळतो. गन लावली की रॉड आतल्या आत फिरतो आणि शॉकअपचं सील जातं.

बसवल्यानंतर

गाडी खाली आली की कॅम्बर आणि टो (चाकांचा पुढच्या बाजूला आत-बाहेर असलेला रोख) दोन्ही बदलतात. टो त्याच दिवशी बघून घ्या, नाहीतर टायर आतल्या कडेला झिजायला लागतात. नव्या स्प्रिंगा पहिल्या काही शे किलोमीटरांत अजून थोड्या बसतात, तेव्हा पूर्ण अलाइनमेंट त्यानंतर करा. त्याच फेरीत सगळे बोल्ट पुन्हा टॉर्कला तपासा आणि हेडलाइटची उंची लावून घ्या. अलाइनमेंट होईपर्यंत चोर्ला किंवा अनमोड घाटात गाडी नेऊ नका. स्टीअरिंग फिरवताना पुढून टकटक आली तर वरच्या माउंटमधलं बेअरिंग किंवा स्प्रिंगचं टोक वाटीत नीट बसलेलं नसतं. अशी गाडी चालवत राहू नका, आम्हाला फोन करा.

शॉकअप आणताना मूळ स्प्रिंगा, नवा सेट आणि त्यातला कागद बरोबर आणा. सकाळी दिलेली जोडी संध्याकाळी परत मिळते. सेल्फ-लॉकिंग नट एकदा काढला की नवाच घालायचा असतो. तुमच्या गाडीचे नट आम्ही सेटबरोबर काढून ठेवतो, ते मागून घ्या.