एक टेबल की तीन? क्लासच्या वारशामागचा इतिहास

शिरोलीच्या एखाद्या फाउंड्रीचं सॉफ्टवेअर लिहायला घेतलं की हा प्रश्न लगेच पुढ्यात येतो. 'माल' हा मूळ क्लास, म्हणजे प्रोग्राममधला वस्तूचा आराखडा. त्याखाली कास्टिंग, पॅटर्न आणि भंगार. कास्टिंगला हीट नंबर (धातूच्या कुठल्या वितळणीतून ओतलं ते) आणि ग्रेड लागतो, पॅटर्न (साच्यासाठीचा नमुना) कुठल्या गिऱ्हाइकाचा ते लागतं, भंगाराला वजन पुरतं. जावात 'एक्सटेंड्स' लिहिलं की मूळ क्लासचे गुण खालच्या क्लासना वारशाने मिळतात, काम झालं. डेटाबेसात टेबलं किती करायची?

क्लासचा वारसा आला तो ऑस्लोहून, डाल आणि न्यूगोर यांच्या सिम्युला ६७ या प्रोग्रामिंग भाषेतून. १९७० मध्ये आयबीएमच्या कॉड यांनी रिलेशनल मॉडेल, म्हणजे डेटा टेबलांत ठेवायची पद्धत, मांडलं, त्यात वारसा नव्हताच. पुढे डेटाबेसच्या भाषेच्या एसक्यूएल:१९९९ या प्रमाणाने उपटेबलं आणली, पण ती फारशी रुजली नाहीत. पोस्टग्रेस या डेटाबेसात 'इनहेरिट्स' आजही आहे, मात्र मूळ टेबलावरचा युनिक इंडेक्स (तोच नंबर दोनदा येऊ न देणारा) पोटटेबलांना लागू होत नाही. हिशेबाच्या कामात हे परवडत नाही.

म्हणून क्लास आणि टेबलांची जोडणी प्रोग्रामच्या बाजूनेच झाली. नव्वदच्या दशकात स्मॉलटॉक भाषेसाठी टॉपलिंक हे जोडणीचं साधन आलं, २००१ मध्ये गॅव्हिन किंग यांनी जावासाठी हायबरनेट सुरू केलं. सॉफ्टवेअरवर लिहिणाऱ्या मार्टिन फाउलर यांनी २००२ मध्ये तीन पद्धतींना नावं दिली: सगळ्यांचं मिळून एकच टेबल, प्रत्येक क्लासला स्वतंत्र टेबल, किंवा फक्त प्रत्यक्ष वापरातल्या क्लासना पूर्ण टेबल. २००६ च्या जेपीएने, म्हणजे जावातल्या अशा जोडणीच्या प्रमाणाने, साधनांना पहिल्या दोन सक्तीच्या केल्या, तिसरी ऐच्छिक ठेवली. काहीच सांगितलं नाही तर एकच टेबल होतं, आणि बहुतेक प्रोजेक्टांत ते असंच, कुणी न ठरवता झालेलं असतं.

माझ्या मते खरी किंमत इथेच मोजावी लागते. एकच टेबल असलं की टेबलं जुळवायला जॉइन लागत नाही, क्वेरी झटपट चालते. पण हीट नंबरचा कॉलम भंगाराच्या ओळीत रिकामाच राहणार, त्यामुळे त्यावर 'नॉट नल' (रिकामं चालणार नाही) ही अट लावता येत नाही. उद्या ब्लो होलमुळे (कास्टिंगमधल्या हवेच्या पोकळीमुळे) लॉट परत आला, तर तो कुठल्या हीटचा हे शोधायला तोच नंबर हवा. तो भरायचा राहिला असेल, तर डेटाबेस आधी हूं की चूं करत नाही. यावर उपाय आहे: 'डीटाइप' (ओळ कुठल्या क्लासची ते सांगणारा कॉलम) कास्टिंग असेल तर हीट नंबर हवाच, असा चेक कन्स्ट्रेंट, म्हणजे डेटाबेसातली अट. तो मात्र हायबरनेटवर न सोडता स्वतः लिहिलेला बरा.